शिमला ऑफिस

रिक्षावाल्याला नुसतं 'शिमला ऑफिस' म्हटलं
की तो मीटर टाकतो.
शिमला नाही, बर्फ नाही,
चौक आहे, सिग्नल आहे, आणि आत
चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी.
तिचं दार मी एकतीस वर्षं उघडलं.

किमान तापमापकात पारा नसतो.
अल्कोहोल असतं, आणि त्यात एक बारीक काडी.
थंडी काडीला खाली ओढत नेते
आणि परतताना तिथेच सोडून जाते.
सकाळी आपण फक्त वाचायचं,
रात्री कुठवर जाऊन आली.

हयातसिंग बिष्ट मुक्तेश्वरहून आकडे कळवत.
मी त्यांना कधी पाहिलं नाही.
मी निवृत्त झाले त्या वर्षी पाकीट आलं:
तेवीस बिया, काळपट निळ्या, राजम्याच्या वळणाच्या,
आणि चिठ्ठी –
आमच्याकडे हा बर्फात उभा असतो,
तुमच्याकडे काय म्हणतो बघा.

नारळाच्या काथ्यात रुजत घातल्या.
चार महिने काही नाही.
पाचव्यात एक हिरवी सुई,
मग सहा.
शेजारचे मेहेंदळे गुहागरचे.
म्हणाले, माड नाही, ताड नाही, शिंदीही नाही,
मग हे आहे तरी कोण?
म्हटलं, त्यांच्यातलाच,
डोंगरात दिलेला.

थंडीचं झाड पुण्यात वाढवायचं म्हणजे
मे महिन्याशी वैर.
पाषाणच्या गच्चीवर बारा वाजता
हात लावला तर कुंडी चावते.
मी भिंतीची सावली मोजली, तासातासाने,
जुन्या सवयीने वहीत लिहिली,
कुंडी तिच्यामागे सरकवत राहिले.
खोडाला जन्मतःच तपकिरी घोंगडी,
धाग्याधाग्याची.
पाहूनच मला घाम फुटायचा.
पाच गेले. दोन उन्हाळ्यांत पाच.
एक राहिला, तो का राहिला
ते वहीत नाही.

उरलेल्यांतली एक बी भाची घेऊन गेली,
मृण्मयी, प्रागला, लिपस्टिकच्या डबीत.
तिचं झाड आता खिडकीइतकं उंच.
नोव्हेंबरात ती त्याची पानं वर बांधते,
बुंध्याशी पेंढा, वर गोणपाट, आत दिव्यांची माळ.
उणे चौदाला तिचा फोन येतो, रडकुंडीला आलेला:
मावशी, अजून एक पांघरूण घालू?
मी म्हणते, थंडी त्याला ओळखते गं.
गाभ्यात पाणी साचू देऊ नकोस फक्त.
वरून छप्पर, बाजूने वारा.
झाड थंडीने कमी मरतं,
कोंबात तुंबलेल्या ओलीने जास्त.
कोंब हळूच ओढून बघ.
हातात आला तर मला सांगू नकोस.

नाही आला.

यंदा जानेवारीत आमच्याकडेही पडली.
रखवालदाराने पालापाचोळा पेटवला,
तीन कुत्री त्याच्याभोवती गोल.
मेहेंदळ्यांनी कढीपत्त्यावर चादर टाकली,
ओरडून विचारलं, तुमच्या पाहुण्यावर?
मी स्वेटर, मफलर, वर शाल, अशी गच्चीवर गेले.
पहाटेचे पाच.
सूसकडच्या टेकडीवरून गार हवा उतरत होती.
त्याची पानं मेमध्ये घडी पडल्यासारखी असतात,
आज पंखे उघडलेले,
प्रत्येक बोट वेगळं.
कानटोपी काढून थोडा वेळ त्याच्याजवळ उभी राहिले.
उगाच.
कान दुखू लागले.

बिष्टांना कळवायचं होतं.
मागच्या पत्राचं उत्तर त्यांच्या सुनेने लिहिलं होतं,
दोन ओळी.

तरी वही काढली.
पाषाण, गच्ची, पूर्व कोपरा.
किमान सहा पूर्णांक आठ.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
सूर्य वर आला, अल्कोहोल चढू लागलं,
काडी होती तिथेच.