झडती

त्र्यंबक रोडवरून आत वळल्यावर रिक्षावाला म्हणाला,
इथून पुढं आम्हाला सोडत नाहीत.
मग चढ पायीच चढलो चौघी,
दोन्ही बाजूंना भांग पाडल्यासारखं गवत,
बागूलचा गुडघा दर वीस पावलांनी थांबत,
आणि गांगुर्डे मागून, अगं साडेतीनची वेळ दिलीय,
जणू साडेतीनला भोंगा होणार.

दाराशी पडदा. पडद्याआड निळ्या साडीतली पोरगी,
हातात ती पिंपिं करणारी पट्टी.
ती काही बोलायच्या आत
आम्ही हात वर केले,
पर्सा उघडल्या, चपला काढल्या.
चपला राहू द्या हो आजी, ती म्हणाली.
एकतीस वर्षं प्रेसच्या फाटकात हेच.
आम्ही रिटायर झाल्याचं
हातांना कुणी कळवलेलंच नाही.

आत गारठा. फ्लोरीनं डोक्यावरून पदर घेतला,
चर्चमध्ये घेते तसा.
काचेपलीकडं धरणाचं पाणी,
अलीकडं द्राक्षाच्या ओळी, नुकत्या छाटलेल्या.

चहा काचेच्या किटलीत आला,
सोबत वाळूचं घड्याळ.
वाळू संपेपर्यंत ओतायचा नाही, पोरगा सांगून गेला.
तीन मिनिटं!
तेवढ्यात तर आमचा चहा पिऊन, कप विसळून,
पुन्हा बाकावर बसून
पहिला ताव उचललेला असायचा.
वाळू पडत राहिली.
चौघी गप्प, टक लावून,
एकही कण वाकडा जाऊ नये म्हणून.

मग तीनमजली ताटली.
तळमजल्यावर काकडीचे सँडविच, बोटाएवढे, कडा कापलेले.
कडा कुठं जातात गं यांच्या? गांगुर्डेनं विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.
आमच्याकडं चिमूटभर कतरणही
वजन करून द्यावी लागायची.
वरच्या मजल्यावर गुलाबी काहीतरी होतं.
ते काय होतं हे खाऊनही कळलं नाही,
पण आम्ही दोन-दोन खाल्ली.

बिल चामड्याच्या पाकिटातून आलं.
भिशीचा गठ्ठा, रबर लावलेला, मी काढला.
मोजला. गांगुर्डेनं मोजला. फ्लोरीनं मोजला.
बागूलनं मधलीच एक नोट ओढून
खिडकीकडं धरली, तिरकी केली,
अंगठा फिरवला आकड्यांवरून.
शाई सरकलीय जराशी.
अगं, तुझा मोतीबिंदू सरकलाय.
मॅडम, खरीच आहे ती, पोरगा बिचारा म्हणाला,
आणि आम्ही अशा हसलो
की पलीकडच्या टेबलावरचं लहान मूल
रडायचं थांबून बघायला लागलं.

निघताना पडद्यापाशी पाय आपोआप थांबले.
हात वर.
जाताना नसतं आजी, निळी साडी म्हणाली.
नसतं?
नाही, फक्त येताना.

फ्लोरी त्यानंतर बोललीच नाही.
उतार संपला, दुसरी रिक्षा मिळाली,
द्वारकेच्या सिग्नलला तिनं पर्स उघडली.
रुमालात मधाची अंगठ्याएवढी बाटली,
साखरेचे दोन चौकोन.
आपल्याच ताटलीतलं आहे, ती म्हणाली,
बिल भरलंय आपण.
रुमालासकट हात थरथरत होता तिचा.

बागूलनं काही न बोलता
रिक्षाचा पडदा खाली ओढून घेतला.