वेबिल

हिडकल धरणाच्या मागल्या अंगाला
पाणी चार हात मागं सरलं की
चिखल उघडा पडतो, शिंपले, कुणाच्या तरी जुन्या बांधाचे दगड.
वारा असा, की टोपी हातात धरूनच बसावं.

भरमाण्णा डोळ्यांत थेंब घालून आलाय.
मोतीबिंदू अजून पिकायचाय, म्हणतो गडहिंग्लजचा डॉक्टर.
एकवीस वर्षं त्यानं बेळगाव–संकेश्वर गाडी मारली
आणि मी मागं उभा,
काखेत चामड्याची पिशवी, कानामागं पेन.
तो कन्नड बोलायचा, मी मराठी,
आणि निर्णय सगळे दोरीवर:
एक टोल थांब,
दोन टोल चल.

दुर्बीण दोघांच्या पैशातली, खडेबाजारात जुनी मिळाली.
उजव्या भिंगात बुरशी आहे.
आता ती माझ्याच गळ्यात असते
आणि त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

"बंदवु," तो म्हणाला.

मला काहीच दिसेना.
कारखान्याचा धूर आडवा झालेला, मळीचा वास,
पलीकडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली, तिच्या टेपवर कसलंसं लग्नातलं गाणं.
एक धोबी पक्षी दगडावर शेपूट हलवत.
"कुठं रे?"
त्यानं नुसती हनुवटी वर केली.

तेव्हा फार वर, जिथं बघायचं मला सुचलंच नसतं,
उसवलेल्या शिवणीसारखी एक ओळ.
आणि मग आवाज.
वंगण नसलेली बैलगाडी कुणीतरी आभाळातून हाकतंय.

कांड्या करकोचे.

मी मोजू लागलो, जसं जन्मभर मोजलं तसंच.
दारापासून मागं, मागून परत पुढं.
फिक्या मानेची यंदाची पोरं, ती हाफ.
सत्तावन्न.
परत मोजले. अठ्ठावन्न.
पूर्वी एक डोकं असं जास्त निघालं
तर पोटात गोळा यायचा,
रात्री झोपेत यमकनमर्डीच्या फाट्यावर चेकिंगची जीप उभी दिसायची.
आज तो जास्तीचा एक
बसू दे म्हटलं. बसू दे कुठंतरी टपावर.

"एष्टु?"
"अठ्ठावन्न."
"पुढचा बदलला का?"
बदलला होता. टोकाचा करकोचा वाऱ्यातून बाजूला सरकत
मागं जाऊन लागला होता रांगेत,
आणि दुसऱ्यानं छाती पुढं घातली होती.
"त्यांच्यात रिलीव्हर असतो," भरमाण्णा म्हणाला.

एवढंच म्हणाला.
पण मला ती गणपतीची गर्दी आठवली,
दुसरा ड्रायव्हर आलाच नाही ती रात्र,
त्याला एकशे दोन ताप, सलग तिसरी खेप,
आणि मी बॉनेटवर बसून पहाटेपर्यंत काय वाट्टेल ते बोलत होतो,
सासऱ्याची म्हैस, तिकिटांचे नंबर, भजन,
त्यातलं निम्मं त्याला कळत नव्हतं,
तो नुसता "हां, हां" करत
संकेश्वरपर्यंत जागा राहिला.

करकोचे गोल फिरले. वाऱ्याकडं तोंड केलं.
ओळ मोडून सगळे सुटे झाले
आणि लांब काळे पाय खाली सोडले.
"उतरूलालेत," मी म्हणालो.
म्हणायची गरज नव्हती.
भरमाण्णाचा उजवा पाय
चपलेसकट मातीत हळूहळू दाबला जात होता,
जसा स्टँडात वळताना, म्हाताऱ्या बायका अजून उभ्या असताना,
एक धक्का न देता दाबायचा.

मी खिशातली वही काढली.
आले: ५८.
कुठून, तो रकाना मोकळा सोडला.
भाडं, तोही.