आठ इंची रिमवर एकशे पासष्ट

कैवल्य ढमढेरे नाना पेठेत आला
तेव्हा डिकीत चार रिमा होत्या,
एकेक जुन्या दुलईत गुंडाळलेली,
दवाखान्यातून बाळ आणावं तशी.

गाडी वडिलांची एस्टीम, नव्याण्णवची.
स्प्रिंगा कापलेल्या, पोट रस्त्याला टेकलेलं.
"तांबोळीकाका, यांवर एकशे पासष्टचे चढवायचे."
मी म्हटलं, अरे, रिम आठ इंची आहे,
हिला एकशे पंच्याण्णव तरी लागतो.
म्हणाला, माहितेय.

म्हणजे चूक नव्हती, हौस होती.
चुकीला औषध असतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
हा अंथरूणच ताणायला निघाला होता.

साबणाचं पाणी लावलं, पट्टा आवळला,
टाकीची हवा एकदम सोडली.
टायर कडेकडेनं फुसफुसत राहिला, बसेना.
तिसऱ्या खेपेला फट्ट,
जरा थांबून दुसरी बाजू, फट्ट.
दत्तू दोन पावलं मागे सरकला.
कैवल्यनं पापणी हलवली नाही.

बघितलं तर
टायरनं गाल आत ओढून घेतलेले,
चतुर्थीच्या संध्याकाळी दिसतात तसे,
आणि रिमची कड उघडी,
घासलेल्या परातीसारखी लखलखत.
चाळीस वर्षं टायर चढवतोय.
देखणं होतं. खोटं कशाला बोलू.

मग हिशेब सांगितला, तोंडी, फुकट.
हवा बत्तीसच्या जागी चाळीस, आणि दर रविवारी मोजायची.
कमी पडली तर वळणावर कड सुटेल,
सुटली की जिथे आहेस तिथेच आहेस.
खड्ड्याचा मार आजवर टायर खायचा,
आता रिम खाणार.
चाकं तिरकी, तर आतली बाजू आधी झिजेल.
बाहेरून कोरा दिसेल, आतून तार निघालेली.
आणि मागे तिघं बसवू नकोस,
एवढं वजन हा टायर घेत नाही.

"आणि मिळणार काय?"
"मडगार्ड आणि टायरमध्ये बोट जाणार नाही."
थोडं थांबून, "शिवाय वळवली की लगेच ऐकते."

तेही खरं निघालं.
कात्रजच्या चढावर मीच चालवून पाहिली.
मनात वळण आलं की गाडी वळलेली,
आणि खडीचा एकेक दाणा
माकडहाडाला नाव सांगून जात होता.

महिन्याभरानं बिबवेवाडीत दिसली.
सोसायटीच्या तोंडाशी गतिरोधक,
कुणा चेअरमननं घातलेला, म्हशीच्या पाठीएवढा.
गाडी थांबली. मागचं दार उघडलं.
आई उतरली, हातात मेथीची पिशवी,
गतिरोधक पायी ओलांडून पलीकडे उभी राहिली.
गाडी तिरकी झाली, एकेक चाक उचलत आली,
थंड पाण्यात पाय घालतात तशी.
आई पुन्हा बसली.
कुणी काही बोललं नाही. सरावाचं होतं.

पुढे पन्नास पावलांवर दुसरा.
या वेळी पलीकडे गेल्यावर ती बसलीच नाही,
गाडीच्या बरोबरीनं चालत राहिली,
खिडकीतून त्याला काहीतरी सांगत.
त्यानं वेग तिच्या पावलांना लावला होता.

दिवाळीनंतर आला, एक रिम वाकवून.
मी मागच्या टायरच्या आत हात घातला,
तार बोटात घुसली.
रक्त त्याला दाखवलं, बोललो नाही.

बराच वेळ गाडीकडे बघत होता,
आधी बाजूनं, मग उकिडवा बसून.
"मागचे दोन एकशे पंच्याण्णवचे टाका."
आणि पुढचे?
"पुढचे राहू द्या. ती मागेच बसते."

मागच्यांना बत्तीस भरली, पुढच्यांना चाळीस.
मागे आता बोट जात होतं, अख्खं.
त्यानं घालून पाहिलं एकदा,
आणि खिशात ठेवलं.

मजुरी मी पूर्ण घेतली.