भुलीचा सजदा

सोहार बंदरात मी डबे मोजतो.
आलेले, गेलेले, धक्क्यावर कुणी न नेलेले.
कंपनीनं टॅब दिलाय, तरी वही ठेवतो,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
बोटांना तीच सवय.
अकरा वर्षांत हिशेब एकदाच चुकला,
तोही क्रेनवाल्याचा निघाला.

नमाजीत मात्र रोज चुकतो.
नियत बांधली, हात बांधले
की डोक्यातलं गेट उघडतं:
बाणकोटच्या घराची स्लॅब, सळईचा भाव,
मेहुण्यानं परस्पर उचललेले पैसे,
उद्या रात्रपाळी कुणाची.
ओठ फातिहा म्हणत असतात,
जुन्या शिपायासारखे,
साहेब आत नाहीत हे ठाऊक असून
दार उघडून धरणारे.

आणखी एक आहे.
खलफान सुपरवायझर मागच्या सफेत असला
की माझा सजदा लांबतो.
फार नाही. तीनदा म्हणायचं ते सातदा.
एकदा म्हणाला, मुराद, तुझ्या नमाजीत ठहराव आहे.
त्या महिन्यात मला ओव्हरटाइम मिळाला.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
अजून ठरलेलं नाही.

सप्टेंबर.
उन्हाळ्यातली दुपारची सुट्टी नुकती संपलेली, ऊन संपलेलं नाही.
जोहरची जमात चुकली, जहाज चुकवलं म्हणा.
दोन डब्यांच्या थप्प्यांमध्ये हातभर सावली होती,
तिच्यात फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला.
काळ्या शाईचा बाण: ही बाजू वर.
पश्चिमेला मक्का, मध्ये लोखंडाची भिंत.
गावीही पश्चिमच होती, पण मध्ये समुद्र होता.
इथे समुद्र पाठीशी.

उभा राहिलो, वाकलो, टेकलो, उठलो,
आणि कुठंतरी स्लॅब ओतत असताना
रकात हरवली.
तीन झाल्या की चार?

मशिदीत असं झालं की शेजारच्याच्या टाचा बघायच्या,
त्या उठल्या की उठायचं.
इथे टाचा नव्हत्या.
माझ्या दोन, त्या माझ्यामागे,
आणि त्यांनाही माहीत नव्हतं.

मकतबातले खतीबगुरुजी आठवले,
छडी कमी, खोकला जास्त.
शंका आली तर कमी धर, म्हणायचे.
वाढीव धरू नकोस.
एक रकात उठून पुरी कर,
नि सलामाआधी दोन सजदे दे, भुलीचे.
अल्लाला माणूस विसरतो हे ठाऊक आहे,
म्हणून तर त्याची सोय आहे.

मी कमी धरलं.
मोजणीदार माणूस मी, कधी कमी धरत नाही,
शंका आली तर दुसऱ्याच्या वहीवर बोट ठेवतो.

पहिला सजदा भुलीचा.
नाकात पुठ्ठ्याच्या खळीचा वास.
जवळ कुठंतरी थंड डब्याची मोटर घुमत होती.
दुसऱ्यात छातीतलं काहीतरी
मांडीवर ठकठक करू लागलं,
आणि तेवढंच होतं.
घर नव्हतं, मेहुणा नव्हता, मागे कुणी नव्हतं.
मी आत होतो.
किती वेळ, सांगता येणार नाही.
मोजलं नाही.

इथे मी रडलो असं लिहिलं होतं.
खोडलं.
रडलो नव्हतो, घाम होता.

सलाम फिरवला.
उजवीकडे डब्याचा गंज, डावीकडे डब्याचा गंज,
दोघांवरही शांती असो.

क्रेनवरून तोफज्जल उतरला, माझ्याकडे बघून हसत सुटला:
भाईजान, कपाळावर बाण आलाय!
मोबाइलच्या काळ्या काचेत पाहिलं.
घामानं शाई सुटली होती,
भुवयांच्या मधोमध गिचमिड काळा डाग.

तासाभरात असर.
असरला खलफान येणार होता.

बाटलीतलं पाणी घेऊन पुसला तो.
पुसला, पण खरं सांगतो,
बाटलीचं झाकण उघडायला
जरा वेळ लागला.