सात मिनिटांचा डोंगर

रविवारी भट्टी थंड होती.
थंड म्हणजे सहाशेवर आणलेली;
पुरती विझवली तर आतल्या विटा तडकतात,
हे पेंगनंच शिकवलं आम्हाला.

भाड्याची निसान. खैरे गाडीवर, मी मागं,
पेंग पुढं, मांडीवर थर्मास.
चाळीस अंशांत हा माणूस गरम पाणी पितो
आणि घामानं निथळणाऱ्या आमच्याकडं
कीव आल्यासारखा बघतो.

रास अल खैमा मागं पडलं.
खाणीचे ट्रक समोरून उतरत होते
ताडपत्रीखालून पांढरी भुकटी सांडत.
मी ओळखला तो माल.
सहा वर्षं रोज हाताखालून जातोय:
डोंगर दळायचा, दाबायचा, भाजायचा
आणि वर छापायचं दुसऱ्याच डोंगराचं चित्र,
इटालियन दगड, डिझाइन नंबर चारशे बारा.

मग वळणं लागली. जेबेल जैस.
एक झाड नाही, गवताची काडी नाही.
करपल्या कडांच्या भाकऱ्यांची चवड
कलंडून तशीच राहिलेली.
खैरे परभणीचा, सपाटीचा माणूस,
कान गच्च झाले म्हणून घाबरला.
मी म्हटलं, आवंढा गिळ.

मी राजूरकडचा. डोंगर आमच्या पाठीशीच,
पण वर जायचो ते हिरड्याला,
नाहीतर चुकलेल्या शेळीमागं.
बघायला म्हणून कधी गेलो नाही.
बघणारे पुण्याहून यायचे, बूट घालून;
आई त्यांना ताक विकायची
आणि पेले मोजून परत घ्यायची.

आज बूट माझ्या पायात होते.
कठड्यापाशी एक बलुची पोरगा
कागदी पेल्यांतून करक चहा विकत होता.
पाच दिरहम म्हणाला.
मी घासाघीस केली नाही.
पेला मात्र त्याला परत द्यायला गेलो.

पेंग कठड्याला टेकून फोनशी बोलला, बराच वेळ.
फोन आमच्याशी हिंदीत बोलला, बाईच्या आवाजात:
“पर्वत लज्जित थे।”
खैरेला चहाचा ठसकाच लागला.
पेंगनं पुन्हा सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं,
आणि आम्ही जुळवत गेलो:

हुनानमधली तीन दिवसांची सहल.
सगळ्यांना पिवळ्या टोप्या, पुढं झेंडावाली बाई,
काचेची लिफ्ट, तासभराची रांग.
मुलगी नऊ वर्षांची.
अडीच दिवस नुसतं धुकं.
लोक धुक्यापुढं उभं राहून फोटो काढत होते,
कारण पैसे भरले होते.
तिसऱ्या दुपारी ते एकाएकी फाटलं:
दगडाचे खांबच खांब, अधांतरी,
प्रत्येकाच्या टाळूवर चार-दोन पाइन.
सात मिनिटं. त्यानं घड्याळ पाहिलं होतं.
मुलगी खांद्यावर झोपलेली.

उठवलं नाहीस?
तो थर्मासचं झाकण फिरवत राहिला.
परतीच्या बसमध्ये मग त्यानं तिला
सगळे खांब सांगितले, एकेक करून.
काही वाढवूनही सांगितले.
आता ती बावीसची आहे,
मैत्रिणींना सांगते, मी पाहिलेत ते डोंगर,
आणि पेंग मान डोलावतो.

समोरचा डोंगर तेवढाच उघडा, अजून.
सकाळी होता तसा, दुपारी होता तसा,
याला लपायला ना ढग, ना पान.
मी पोराला व्हिडिओ लावायला गेलो,
रेंज नव्हती.
मग उभा राहून नीट बघून घेतलं,
कुठला थर कुठं वळतो,
सावली आधी कोणत्या घळीत उतरते,
सांगायला लागेल म्हणून.

उतरताना पुढं खाणीचा ट्रक आला.
पेंगला डुलकी लागली होती, थर्मास कुशीत.
काच पांढरी होत गेली, होत गेली,
डोंगर दिसेना.
खैरेनं वायपर लावला नाही लगेच.
गाडी हळू केली,
आणि त्या बाईच्या आवाजात म्हणाला,
पर्वत लज्जित थे.
कुणी हसलं नाही.