निवडणं

शनिवारी पहाटे तालामाहूच्या बाजारात
दिवे अजून पिवळे असतात.
म्हाताऱ्या वाईमोआनाच्या पुढ्यात
झावळ्यांच्या टोपल्या,
टोपल्यांत अळूचे कंद, मातीसकट.
माती ती पुसत नाही. म्हणते,
ओली असेल तर कालचं,
कोरडी असेल तर परवाचं,
पुसलेली असेल तर विचारू नकोस.

मी कित्येक वर्षं इकडे फिरकले नव्हते.
रस्त्यापलीकडच्या दुकानात सगळं मिळायचं:
लाल झाकणाचे मांसाचे डबे,
फ्रीझरच्या तळाशी मेंढीच्या चरबीचे पट्टे
साबणाच्या वड्यांसारखे पांढरे, कडक.
ऑकलंडहून दीर पैसे पाठवायचा
आणि आम्ही ते खाऊन दाखवायचो.
पाहुण्यापुढे डबा फोडला तर मान,
अंगणातला पाला रांधला
तर शेजारीण विचारायची, बाई गं, सगळं ठीक ना?

मार्चमध्ये वायोलाच्या दवाखान्यात
फेलेतीच्या डाव्या पायाचं बोट काढलं.
करंगळीशेजारचं.
नर्स लुपेनं त्याला एक कागद दिला,
त्यावर ताटाचं चित्र, अर्धं हिरवं.
म्हणाली, यापुढे निवडून खायचं.
"निवडून? मी काय पुढारी निवडतोय?"
असं म्हणून त्यानं तो कागद चार घड्या घालून
बसच्या खडखडणाऱ्या खिडकीत कोंबला.
कोलोवाईच्या रस्त्यावर
महिनाभर ती खिडकी वाजली नाही.
एवढा उपयोग झाला.

मी मात्र पहाटे उठू लागले.
कच्च्या केळ्यांचा घड, पपई,
डोळे अजून चमकत असलेला मासा,
लिंबाच्या रसात, नारळाच्या दुधात
नुसता भिजवून पुढे ठेवायचे.
तो खायचा. बोलायचा नाही.
जेवण झाल्यावर मिठाच्या बरणीकडे
जुन्या मित्राकडे बघावं तसा बघायचा.

मग एक दिवस झाडताना
ड्रायव्हरच्या सीटखाली रिकामा डबा सापडला.
आत चमचा. चमचा आमचाच.

भांडण तोंडापर्यंत आलं होतं.
पण त्याच वेळी तो पायरीवर बसून
उरलेली चार बोटं मोजत होता,
पोरगं आकडे शिकतं तसा.
मी डबा धुतला,
खिळ्यानं बुडाला भोकं पाडली,
वाईमोआनाकडून पेलेची एक काडी आणली
आणि त्यात खोचली.
पायरीवर ठेवली, त्याला रोज दिसेल अशी.

दुसरा डबा सापडला. दुसरी काडी.
तिसरा. तिसरी.
पाचव्यापर्यंत पहिल्याला तळहाताएवढी पानं आली होती
आणि फेलेती संध्याकाळी,
कोणी सांगितलं नसताना,
बसच्या पाण्याच्या कॅनमधून
सगळ्यांना थोडं थोडं पाणी घालू लागला.

आता सात डबे आहेत.
सातव्यानंतर बरेच दिवस काही सापडलं नाही.
परवा आठवा सापडला.
मी तोही धुतला.

आज शनिवारची रात्र. उद्या चर्च,
चर्चनंतर उमूची भट्टी उघडायची.
फेलेती पाय लांब करून जमिनीवर बसलाय,
मांडीवर सूप, सुपात पाला.
जून देठ मोडतो, पिवळं पान बाजूला करतो,
एक पान दिव्यासमोर धरतो.
त्याला भोकं पडलीत.
मी म्हणते, टाक ते.
तो म्हणतो, राहू दे,
किड्यालाही चांगलं कळतं.

धाकटा फातोंगिया येऊन वाकून बघतो:
यंदा पानात काय बांधणार? डबा नाही?
"मासा," मी म्हणते.
"आणि?"
"कांदा. नारळाचं दूध."
तो नाक मुरडतो, त्याच्या बापासारखंच.
"आणि?"

फेलेती मान वर करत नाही.
"बस इथे," म्हणतो,
आणि अर्धा पाला
त्याच्यापुढे सरकवतो.