चुलू म्हणजे चूल नव्हे

कासामाच्या रस्त्यावर शब्द ऐकला: इचुलू.
माझ्या कानाने आपसूक तिथे चूल मांडली.
बाना कासोंडे हसली, कुदळीच्या दांड्याने दाखवलं:
ते बघ, शाळेच्या छपराहून उंच,
तांबडं, अंगावर दोन झाडं वागवणारं,
ते इचुलू. मोठ्या वाळवीचं.
चूल होते ती दुसरीची.

दुसरी गवतात दडलेली. घर गुडघाभर,
काळपट, डोक्यावर टोपी घट्ट.
ही माती खाते, मातीच हगते
आणि त्याच काल्याने भिंती लिंपते.
जागा पुरेना झाली तर
शेजारी नवं उभारते.

मोठीचं तसं नाही.
ती खोलातून ओल आणते, लाळेत माती मळते,
उभे पोकळ सोट वर काढते वाऱ्यासाठी,
आणि तळघरात बुरशीची बाग:
वाळलं गवत चावून चावून तिला भरवायचं,
मग तिच्याच हातचं जेवायचं.
राणीची खोली एकच. दार तिच्या मापाचं नाही.

बाना कासोंडेने छोट्या घराला टाच दिली.
बुडापासून अख्खं सुटलं.
कोंबड्या धावल्या.
अशी तीन आणली. त्यांना म्हणायचं फ्वासा.
वर मडकं, मडक्यात मक्याचं पीठ रटरटतं.

तिचा कापासा सोमवारपासून मोठं खणतोय.
विटा पाडायच्यात, नऊ हजार.
वर पत्रा, खिडकीला गज.
राणी सापडली तेव्हा त्याने हाक मारली:
बोटाएवढी, दुधी, धपापणारी.
कुणी काही बोललं नाही.
मग कोंबडीच आली.

"माझ्या आईने सात गावं केली," बाना म्हणाली.
"जमीन थकली की उठायचं, मडकं डोक्यावर.
फ्वासा मागेच. पुढच्या रानात मिळतातच,
ओझं कोण वाहील?"

काल तिने मला पाचव्या गावी नेलं.
गाव म्हणजे गवत.
वाट फक्त तिच्या पायांना ठाऊक.
तिघे होते तिथे, एक कलंडलेला,
भाजून भाजून लालभडक, कडक,
नखाने ओरखडा उठेना.
ती एकावर बसली, चप्पल काढली,
खडा झटकला.

"कापासाच्या विटा कच्च्याच आहेत अजून," म्हणाली,
"भट्टीला लाकूड कुठाय?"